आवडी गावडे हिची नक्षी

पोपट मी पुष्कळ केले. समोरासमोर दोन,
चोचीला चोच, मधे 'सुस्वागतम्'.
राजहंस केले, फुलांची परडी, आणि एकदा
वेंगुर्ल्याच्या एका लग्नासाठी ताजमहालसुद्धा,
सव्वा महिना मान मोडून.
मॅटीचं कापड, ग्राफचा कागद, खोडरबर.
एका घरात एक चिन्ह, एका चिन्हाला एक रंग.
एवढंच येतं मला.

शिरोड्याकडलं एक मिठागर बंद झालं
तेव्हा कचेरीच्या रद्दीत हे हजेरीबुक निघालं,
अर्धं वाळवीनं वाचून संपवलेलं.
उघडलं आणि हसूच आलं:
हा तर आयता ग्राफ!
आडवे एकतीस दिवस, उभ्या बायका.
शेवंती. रुक्मी. जयवंती. आवडी गावडे.
आली त्या दिवशी 'ह'.
नाही आली, तर फुली.

खिडकीबाहेर आगरही तसंच आखलेलं,
चौकोन, बांध, चौकोन,
आता पाणी कुणी घेत नाही, बगळे घेतात.

माझ्या कामात फुली म्हणजे टाका:
एक तिरका जाताना, एक तिरका येताना.
आईच्या नाकात होती तीही फुली.
आणि मुकादमाची ही,
दौतीत टाक बुडवून मारलेली,
रोज कापल्याची.

ठरवलं, 'ह' सोडून द्यायचे.
ते दिवस मिठाचे, मुकादमाचे, डोक्यावरच्या पाटीचे.
कापड पांढरंच राहू दे तिथे,
पांढऱ्यावर पांढरं भरून दिसणार काय?
फक्त फुल्या भरायच्या.
ज्या दिवशी बाई आगरावर नव्हती,
त्या दिवशी ती कुठेतरी होती ना.

शेवंतीच्या फुल्या शिमग्यात, सलग तीन. गुलालाचा रंग दिला.
रुक्मीची दर सोमवारी एक. हिला काय म्हणावं कळेना,
उपास की बाजार? पिवळा दिला, अंदाजानं.
जयवंतीच्या मार्चनंतर सगळ्याच फुल्या,
शेवटच्या पानापर्यंत.
तिच्यासाठी दोरा निवडायला मला आठवडा लागला.
शेवटी माडाच्या सावलीचा घेतला,
हिरवा नाही, काळाही नाही.

आवडीच्या एप्रिलात चार.

तिसऱ्या विकायला येते ती कृष्णाबाय
ओट्यावर टेकली, पाटी उतरवली,
कागद उलटा धरून बघत राहिली.
वाचता येत नाही, मोजता येतं.
नाव विचारलं, महिना विचारला,
मग ओल्या बोटानं एकेक घर दाबत म्हणाली,
"ह्यो चार फुल्यो माझ्यो. तेवा मी जल्माक इलंय."
बोट पाचव्या घरावर थांबलं.
"पाचव्या दिसा आवस परत मिठार गेली.
आंगात ताप होतो. माका बांधार निजवलेली, फडक्यात."
तिथे 'ह' होता. ठळक. शंका नसलेला.
"हंयसर फुली नाय, खरां,
पण ती सगळी खंय होती गो?"

मी चहा टाकायला उठले.
परत आले तर पाटी उचलून ती गेलेली,
कागदावर खारट पाण्याचा एक गोल
आणि वाट्यावर जास्तीच्या मूठभर तिसऱ्या.

रात्री पाचवं घर खोडलं.
रिकामं ठेवलं तर मुकादम खरा ठरतो,
फुली मारली तर कृष्णाबाय खोटी.
मग आठवलं, शिकताना बाई ओरडायच्या:
अर्धा टाका सोडून उठायचं नाही, अपशकुन असतो.

सूचीत आता शेवटची ओळ अशी आहे:
चिन्ह, एक तिरकी रेघ.
रंग, जांभ्या दगडाचा लाल, एकपदरी.
खालून डावीकडून वर उजवीकडे जावे.
परत येऊ नये.